उतरवून घेणारी माणसं

स्मरणिका समितीचा निरोप आला तो एका अटीसकट. शाळेच्या आठवणी, गॅदरिंग आणि सहली यांवर भरपूर लेख आले आहेत, तेव्हा तू तुझ्या कामाबद्दल लिही. काम सांगायला दोन ओळींचं आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका राज्य विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी जे कार्यालय असतं, तिथे मी १९९९ पासून आहे. एम.एस. किंवा पीएच.डी. करायला आलेली मुलं विमानातून उतरल्यापासून पदवी घेऊन जाईपर्यंत ज्या अडचणी घेऊन येतात, त्या ऐकायच्या आणि जमेल तेवढ्या सोडवायच्या. गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या तुकडीतल्या सात-आठ जणांचे तरी फोन आले आहेत, "अगं, लेकाला ॲडमिशन मिळाली, आता पुढे काय?" म्हणून. त्यांना फोनवर सांगायचं राहून जातं ते इथे लिहिते. आणि इतिहासाच्या वाटेनं लिहिते, कारण आपल्या इतिहासाच्या बाई समारंभाला येणार आहेत असं कळलं आहे.

बाईंनी आपल्याला आनंदीबाई जोशी शिकवल्या होत्या. समुद्रप्रवास, लोकांचा विरोध, गोपाळरावांचा हट्ट, पदवी आणि अकाली मृत्यू. आपण दहावीची परीक्षा दिली तो मार्च १९८६, आणि आनंदीबाईंना फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी मिळाली ती ११ मार्च १८८६ ला. बरोबर १०० वर्षं! तेव्हा हे आपल्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही, आपण भूमितीच्या प्रमेयांत अडकलो होतो. पण त्या धड्यात एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आनंदीबाईंना उतरवून घ्यायला कोण आलं होतं. परदेशी शिक्षणाच्या आपल्या बहुतेक गोष्टी अशाच सांगितल्या जातात. जाणारा हुशार आणि जिद्दी असतो, आणि तिकडे पोचल्यावर सगळं आपोआप जमतं. इतकी वर्षं या कामात घालवल्यावर मी कुठलीही अशी गोष्ट ऐकली की आधी उतरवून घेणारं माणूस शोधते.

आनंदीबाईंच्या गोष्टीत ते माणूस म्हणजे थिओडिशिया कार्पेंटर. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावची एक गृहिणी. गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र आणि त्याचं काहीसं उपदेशवजा उत्तर एका मिशनरी मासिकात छापून आलं होतं. दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघत बसलेल्या कार्पेंटरबाईंनी ते वाचलं आणि १८८० मध्ये आपणहून पत्र लिहिलं. तीन वर्षं पत्रव्यवहार चालला. एव्हाना आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या होत्या. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून निघाल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या, तेव्हा ही मावशी धक्क्यावर हजर होती. कॉलेज सुरू व्हायला अजून अवकाश होता. मधला उन्हाळा त्यांनी रोझेलच्या घरात काढला. आजच्या भाषेत सांगायचं तर हे ओरिएंटेशन, फक्त चार महिन्यांचं आणि स्वयंपाकघरातलं.

त्यात आणखी एक बाब मला फार मोलाची वाटते. आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात जाहीर भाषणात सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. कार्पेंटरबाईंनी त्या बाबतीत त्यांच्यावर जोर केला नाही. मदतीला अट नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लंडनला गेल्यावर लागणार आहे.

कॉलेजच्या डीन रेचल बॉडली. त्यांच्या कॉलेजनं ३ वर्षांसाठी ६०० डॉलरची व्यवस्था केली. पण पैशाची सोय झाली म्हणजे राहण्याची झाली असं नाही. फिलाडेल्फियात जी खोली मिळाली तिथली शेकोटी पेटवली की धूर, न पेटवावी तर थंडी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. आपलं अन्न आपणच शिजवायचं, तेही अभ्यास सांभाळून. तब्येत ढासळत गेली ती त्याच काळात. २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाची २२ वर्षं पूर्ण होण्याआधी, त्या पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. मी तिथे एकदा जाऊन आले. आजूबाजूचे सगळे दगड त्या एकाच कुटुंबातल्या माणसांचे आहेत आणि त्यांच्यात आपल्या आनंदीबाई. मानलेली भाची ही अशी घरच्यांत मोजली गेली.

आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या त्यानंतर पाच वर्षांनी मोहनदास गांधी लंडनला उतरले. सप्टेंबर संपत आलेला, अंगात पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट, आणि अख्ख्या बंदरावर पांढऱ्या कपड्यांतले हे एकटेच. सामान एजंटांच्या ताब्यात आणि पुढे रविवार, त्यामुळे सोमवारपर्यंत त्याच वेषात राहणं भाग होतं. संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता हॉटेलवर भेटायला आले. त्यांची उंच टोपी गांधींनी सहज हात लावून पाहिली आणि तिची लव उलटी फिरवली. मेहतांनी मग तिथेच शिकवणी घेतली. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, पहिल्याच भेटीत आपल्याकडच्यासारख्या चौकश्या करायच्या नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही, आणि बोलताना ऊठसूट 'सर' म्हणायचं नाही, तिथे ते नोकर मालकाला म्हणतात. हॉटेलात राहणं परवडणार नाही, एखाद्या कुटुंबात राहा, हा सल्लाही त्यांचाच.

हे आत्मचरित्रात आहे, अनेकांनी वाचलं असेल. कमी ठाऊक असलेली गोष्ट पुढची. दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर, १८९३-९४ च्या सुमारास, गांधींनी लंडनला शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. कपडे कोणते न्यावेत, किती न्यावेत, खोलीचं भाडं, शाकाहारी जेवण, आठवड्याचा खर्च, सगळं पै-पैच्या हिशेबानं. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. दर वर्षी जूनमध्ये आमच्या विद्यापीठातली जुनी मुलं नव्यांसाठी 'काय आणावं, काय आणू नये' अशी यादी व्हॉट्सॲपवर फिरवतात, तेव्हा मला त्या न छापलेल्या मार्गदर्शिकेची आठवण होते. प्रेशर कुकर आणा, रजई आणू नका. मजकूर बदलला, काळजी तीच आहे.

आता लंडनमधल्या दोन पत्त्यांची हकिकत. दोन्हींत क्रॉमवेल हे नाव आहे. उत्तर लंडनमधल्या हायगेट भागात ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू, आणि साउथ केन्सिंग्टनमध्ये २१ क्रॉमवेल रोड.

पहिला पत्ता इंडिया हाउसचा. श्यामजी कृष्ण वर्मांनी १ जुलै १९०५ ला ते सुरू केलं. इतिहासाच्या पुस्तकात ते क्रांतिकारकांचं केंद्र म्हणून येतं आणि ते खरंच आहे. टिळकांच्या शिफारशीनं श्यामजींची शिष्यवृत्ती मिळवून सावरकर १९०६ मध्ये तिथे गेले. पण त्याआधी ते एक वसतिगृह होतं. पंचवीसेक मुलांची राहण्याची सोय, वाचनालय आणि आपल्या माणसांची संगत. भारतीय मुलाला लंडनमध्ये खोली मिळणं सोपं नव्हतं आणि मिळाली तरी एकटेपण होतंच. ती गरज होती म्हणून मुलं तिथे गेली. श्यामजींच्या शिष्यवृत्तीलाही अट होती, ब्रिटिश सरकारची नोकरी करायची नाही.

दुसरा पत्ता सरकारी. तसं लंडनमध्ये भारतीय विद्यार्थ्यांशी ओळखपाळख वाढवणारी नॅशनल इंडियन असोसिएशन ही संस्था आधीपासून होती. मेरी कार्पेंटर यांनी ती १८७० मध्ये ब्रिस्टलला काढली होती. (या कार्पेंटरबाई वेगळ्या, रोझेलच्या मावशीशी यांचं नातं नाही.) संध्याकाळी चहापान, गाणी, इंग्रज कुटुंबांशी परिचय, असं तिचं काम. पुढे मुलांची संख्या वाढली, वंगभंगानंतरचं राजकारण तापलं, आणि सरकारला काळजी वाटू लागली. ती मुलांची किती आणि मुलांपासूनची किती, हे सांगणं अवघड आहे. १९०७ मध्ये ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हे ली-वॉर्नर आपल्या मुंबई इलाख्यात अधिकारी होते. समितीनं मुलांच्या साक्षी घेतल्या, अहवाल दिला, आणि सरकारनं तो दडपून ठेवला. तो लोकांपुढे आला १९२२ मध्ये. मात्र त्यातून १९०९ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक सल्लागार नेमला गेला, टी. डब्ल्यू. अर्नोल्ड. माणूस विद्वान होता, अलीगढ आणि लाहोरला शिकवून आलेला. माझ्या व्यवसायाचा पूर्वज म्हणून बोट दाखवायचं तर यांच्याकडे दाखवावं लागेल.

आणि त्याच वर्षी १ जुलैला मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलींवर गोळ्या झाडल्या. त्यांना वाचवायला पुढे झालेले डॉ. कावस लालकाका हेही त्यात गेले. हे सगळं आपण शिकलो आहोत. ते घडलं कुठे, हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. इम्पीरियल इन्स्टिट्यूटमध्ये नॅशनल इंडियन असोसिएशनचा स्नेहमेळावा होता, म्हणजे भारतीय मुलांना परकं वाटू नये म्हणून भरवलेला समारंभ. धिंग्रा युनिव्हर्सिटी कॉलेजात अभियांत्रिकी शिकत होते. त्यांच्या भावानं वायलींना पत्र लिहून आमच्या मदनकडे जरा लक्ष द्या अशी विनंती केली होती आणि वायलींनी मदतीची तयारी दाखवणारं पत्र मदनलालना पाठवलंही होतं. सरकारी हुद्दा असलेला माणूस 'तुला मदत करतो' म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला त्यात काय ऐकू येतं?

दुसऱ्याच वर्षी सल्लागाराचं कार्यालय, ही असोसिएशन आणि नॉर्थब्रुक सोसायटी एकाच छपराखाली आणली गेली, २१ क्रॉमवेल रोडला. नव्या मुलांसाठी तात्पुरत्या खोल्या होत्या, वाचनालय होतं, कॉलेजांची माहिती होती. कामं उपयोगाचीच होती. पण ही जागा आपल्यावर नजर ठेवायला आहे, असं मुलांमध्ये पक्कं बसलं आणि ते शेवटपर्यंत निघालं नाही. १९२१-२२ च्या लिटन समितीपुढेही हाच संशय पुन्हा पुन्हा आला. उलट १९२० मध्ये वायएमसीएच्या भारतीय शाखेनं के. टी. पॉल यांच्या पुढाकारानं लंडनमध्ये जे विद्यार्थिगृह काढलं, तिथे गर्दी झाली. ते भारतीयांनी चालवलेलं होतं. आज फिट्झरॉय स्क्वेअरला असलेलं इंडियन वायएमसीए ते हेच. आपल्यापैकी कुणाचा मुलगा लंडनला असेल तर त्याला तिथलं जेवण ठाऊक असेल.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. तिथे सुरुवात मुलांनीच केली. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९०३ मध्ये आणि कॉर्नेलला १९०४ मध्ये देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी कॉस्मोपॉलिटन क्लब काढले. मग न्यूयॉर्कमध्ये हॅरी एडमंड्स. वायएमसीएत काम करणारा हा तरुण १९०९ च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून जात होता. समोरून आलेल्या एका चिनी विद्यार्थ्याला तो सहज 'गुड मॉर्निंग' म्हणाला. तो मुलगा थबकला. न्यूयॉर्कला येऊन त्याला काही आठवडे झाले होते आणि आपणहून त्याच्याशी बोललेला हा पहिलाच माणूस होता. एडमंड्स पती-पत्नींनी त्याच्यासारख्या मुलांना रविवारी घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली. मुलं वाढत गेली, घर पुरेना. शेवटी धाकट्या जॉन रॉकफेलरनं पैसा दिला आणि १९२४ मध्ये रिव्हरसाइड ड्राइव्हवर इंटरनॅशनल हाउस उभं राहिलं. १९३० मध्ये बर्कलीला दुसरं झालं. तिथे एडमंड्सनं मुद्दाम पीडमाँट ॲव्हेन्यू निवडला, जिथल्या विद्यार्थी मंडळांच्या घरांत परदेशी आणि गोरेतर मुलांना प्रवेश नसे. गोरे आणि गोरेतर, मुलगे आणि मुली एका इमारतीत राहणार म्हणून गावात जोराचा विरोध झाला. इमारत झाली, आजही आहे.

याच न्यूयॉर्कमध्ये जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर उतरले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, ३ वर्षांसाठी, आणि परतल्यावर १० वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. पहिला आठवडा हार्टली हॉलमध्ये. तिथलं जेवण मानवलं नाही. मग ११४ व्या रस्त्यावर कॉस्मोपॉलिटन क्लबच्या घरात, जिथे आणखी काही भारतीय विद्यार्थी होते. शेवटी लिव्हिंगस्टन हॉलमध्ये, नवल भाथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर. तीन जागा बदलल्यावर बूड स्थिर झालं. आमच्याकडची निम्मी मुलंही पहिल्या सत्रात दोनदा तरी घर बदलतात. आईवडील घाबरतात, मी त्यांना बाबासाहेबांचे हे तीन पत्ते सांगते.

अभ्यासाच्या बाजूनंही हा काळ बघण्यासारखा आहे. कोलंबियात अर्थशास्त्राला सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला ड्यूई. आणि सेमिनार ही पद्धत, म्हणजे विद्यार्थ्यानं स्वतः निबंध लिहून सर्वांसमोर वाचायचा आणि मग प्राध्यापकासकट सगळ्यांनी त्यावर तुटून पडायचं. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये आंबेडकरांनी भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला आणि तोवरच्या मान्यवर अभ्यासकांची मतं एकेक घेऊन खोडली. आपल्या शाळेत, आणि पुढे कॉलेजातही, गुण मिळत ते सरांचं म्हणणं नीट परत लिहिण्याचे. (सर, रागावू नका, तुम्ही तसं सांगत नव्हतात, पण पेपर तसे तपासले जात.) तिथे गुण मिळतात ते सरांशी पुराव्यानिशी वाद घालण्याचे. आज येणारी मुलं इंग्रजीत अडत नाहीत, इथे अडतात. वर्गात बोलत नाहीत. प्राध्यापकांनी भेटीची वेळ राखून ठेवलेली असते, तिथे जात नाहीत, कारण शंका विचारणं म्हणजे समजलं नाही हे कबूल करणं. दुसऱ्याचं वाक्य नाव न देता घेतलं तर ती चोरी ठरते, हेही अनेकांना पहिली नोटीस आल्यावर कळतं.

पण मला सांगायचंय ते १९१७ चं. न्यूयॉर्क आणि लंडन करून, करारानुसार नोकरीवर रुजू व्हायला आंबेडकर बडोद्याला गेले. धनंजय कीरांच्या चरित्रात नोंद आहे की त्यांना स्थानकावर उतरवून घ्यावं असा महाराजांचा हुकूम होता. कोणी आलं नाही. अस्पृश्याला उतरवून घ्यायला कोण येणार? गावात जागाही मिळेना. एका पारशी सरायीत नाव लपवून राहिले, आणि काही दिवसांतच पारशांचा जमाव काठ्या घेऊन आला आणि त्यांना बाहेर काढलं. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याचा विसर पडला होता, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १९२० मध्ये अपुरं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला निघाले तेव्हा ५,००० रुपये उसने दिले ते लिव्हिंगस्टन हॉलच्या नवल भाथेनांनी. परदेशात मुलं कशी रुळतात यावर चर्चासत्रं होतात, निबंध वाचले जातात. आपल्याच देशात, आपल्याच राज्याच्या नोकरीत उतरवून घेतलं न गेलेल्या माणसाची ही हकिकत मी तिथे सांगते तेव्हा सभागृह गप्प होतं.

यानंतरचा काळ भराभर सांगते, कारण तो बराचसा संस्थांचा आणि संक्षिप्त नावांचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्यांचा ओघ वाढला. १९४६ मध्ये फुलब्राइट योजना आली, भारताशी तसा करार २ फेब्रुवारी १९५० ला झाला. १९४८ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागारांची राष्ट्रीय संघटना, नाफसा, स्थापन झाली आणि एडमंड्सबाईंच्या जेवणाच्या टेबलावर होणाऱ्या कामाची पगारी नोकरी झाली. पाठोपाठ शास्त्र आलं. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये ब्राझीलमधल्या एका भाषणात 'कल्चर शॉक'चा विचार मांडला आणि तो शब्द सर्वतोमुखी झाला. १९५५ मध्ये नॉर्वेच्या लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या २०० वर फुलब्राइट अभ्यासकांच्या मुलाखतींवरून सांगितलं की पहिले सहा महिने बरे जातात, ६ ते १८ महिने वाईट, पुढे पुन्हा सुधारतं. कागदावर काढलं तर इंग्रजी यू. आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात हा यू फळ्यावर काढला जाई. पुढे १९९८ मध्ये न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास करून कॉलिन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो खोडला. त्यांच्या मते सर्वांत जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच होतो. मला दोन्ही पूर्ण पटत नाहीत. आपली मुलं ऑगस्टमध्ये त्रासात असतात, पण तेव्हा चार जण मिळून असतात, गाद्या आणायला जातात, फोटो पाठवतात. ऑक्टोबरच्या शेवटी मधल्या परीक्षांचे गुण लागतात, पाच वाजता अंधार पडायला लागतो, घरी दिवाळी असते. तेव्हा 'सगळं छान आहे' असं सांगणारी मुलं मी जास्त काळजीनं बघते.

आणि आता क्रॉमवेल रोड पुन्हा. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेनं परदेशी विद्यार्थ्यांची संगणकीय नोंद सक्तीची केली. सेविस म्हणतात तिला, २००३ पासून ती चालू आहे. मुलानं किती विषय घेतले, पत्ता बदलला का, विषय सोडला का, हे सगळं त्यात जातं. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचा. हे सरकारला कोण कळवतं? आम्हीच. ज्या टेबलावर मूल रडतं, त्याच टेबलावरच्या संगणकावरून ती नोंद जाते. अर्नोल्डसाहेबांची खुर्ची शंभर वर्षांनी अशी माझ्याकडे आली.

याचा परिणाम प्रत्यक्षात कसा होतो ते सांगते. पूर्ण वेळ शिकत राहणं ही व्हिसाची अट आहे. मन खचलेलं किंवा आजारी पडलेलं मूल एखादा विषय परस्पर सोडून देतं, आणि तेवढ्यानं त्याचं देशात राहणं बेकायदा होऊ शकतं. कायद्यात याला वाट आहे. डॉक्टरांचा दाखला असेल तर विषय कमी करता येतात, पहिल्या सत्रात अभ्यासाची पद्धत न जमल्याच्या कारणावरूनही एकदा करता येतात. फक्त विषय सोडण्याआधी आमच्याकडे यावं लागतं. आणि ज्याला सर्वांत जास्त गरज तोच येत नाही, कारण त्यानं ऐकलेलं असतं की त्या ऑफिसात गेलं की नाव लागतं. काही वर्षांपूर्वी एक मराठी मुलगी आली होती. आली म्हणजे तिच्या प्रयोगशाळेतल्या एका इराणी मुलीनं तिला हाताला धरून आणली. तीन आठवडे खोलीबाहेर पडली नव्हती. दोन विषय सोडायचं बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. आधी डॉक्टर, मग दाखला, मग परवानगी, या क्रमानं झालं म्हणून निभावलं. दोन वर्षांनी पदवी घेतली. त्या इराणी मुलीला मी कसलीच नोंद करायला लावली नाही. तिच्यासाठी कुठल्या फॉर्मवर रकानाही नाही.

२०२३-२४ या वर्षी अमेरिकेत भारतीय विद्यार्थी ३,३१,६०२ होते, चीनपेक्षाही जास्त. त्यातले १,९६,५६७ पदव्युत्तर शिक्षणाला. एवढ्यांना पुरेल अशी कार्पेंटर मावशी नाही. विमानतळावर उतरवून घ्यायला आज बहुतेक ठिकाणी भारतीय विद्यार्थ्यांचीच मंडळं जातात. आदल्या वर्षी आलेला मुलगा कुणाची तरी गाडी मागून घेऊन रात्री एक वाजता उभा असतो. कुठे महाराष्ट्र मंडळातली कुटुंबं पहिल्या आठवड्याचं जेवण बघतात. आमच्या गावात दोन अमेरिकन आजीबाई आहेत. त्या दर ऑगस्टला घरोघरचे जुने कोट आणि ब्लँकेटं गोळा करून चर्चच्या तळघरात मांडतात आणि कुणाला धर्म विचारत नाहीत.

तर, फोन करणाऱ्यांनो. तुम्ही मुलाला रोज विचारता, जेवलास का. विचारा, पण नोव्हेंबरात त्याच्या जोडीला एवढं विचारा : प्राध्यापकांना शेवटचं कधी भेटलास? वर्गाबाहेर भारतीय नसलेल्या कुणाशी बोललास का? एखादा विषय सोडायचा विचार आहे का, आणि असेल तर ऑफिसात आधी जाऊन आलास का? उत्तर तुटक आलं तर ओरडू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

मी समारंभाला डिसेंबरात येते आहे. ज्यांची मुलं पुढच्या ऑगस्टला निघणार आहेत त्यांनी दुपारच्या जेवणानंतर आपल्या जुन्या दहावीच्या वर्गात यावं, कागद-पेन घेऊन. बाईही बसणार असतील तर पहिला बाक त्यांच्यासाठी राखून ठेवा.